लिंबाएवढ्या गोळ्यावर अख्खं घर

उन्हाळ्यातल्या एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या हायवेवर नजर टाका. एक पिकअप जाते आणि तिच्या मागोमाग एक घर जातं. घरात पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, खिडक्यांना पडदे, सगळं आहे. या घराला तिकडे कॅम्पर किंवा ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, आणि त्याचं पिकअपशी असलेलं नातं एका लोखंडी गोळ्यावर टिकून असतं.

जाहिरातींमध्ये इंजिनाच्या ताकदीचे पोवाडे असतात. वर्षानुवर्षं कॅम्पर ओढणाऱ्यांच्या गप्पा मात्र वेगळ्याच असतात: वजन कुठे ठेवलं, तोल कसा राखला, उतारावर गाडी कशी थांबवली. त्या गप्पांतले, आणि या जोडगोळीच्या शंभर वर्षांच्या इतिहासातले हे काही चटकदार किस्से.

१. गोळा केवढा? लिंबाएवढा!

पिकअपच्या मागे बसवलेल्या या गोळ्याचे नेहमीचे आकार तीन: १ पूर्णांक ७/८ इंच, २ इंच आणि २ पूर्णांक ५/१६ इंच. मधला म्हणजे बाजारातलं मध्यम लिंबू. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला या गोळ्यावर टोपीसारखी बसणारी वाटी असते, तिला कपलर म्हणतात. मोठ्या मापाची वाटी लहान गोळ्यावरही बसते, खटका लागतो, गाडी निघतेसुद्धा. मग एखाद्या खड्ड्यात वाटी उसळते आणि घर वेगळ्या वाटेने निघतं. म्हणून गोळ्याच्या माथ्यावरच त्याचं माप कोरलेलं असतं.

जुने जाणते एक सोपी परीक्षा घेतात. खटका लावल्यावर ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवून वाटी वर उचलायची. तिच्याबरोबर पिकअपचा मागचा भागही उचलला गेला, तर जोड पक्का बसला.

२. गाडी उलाळली की संपलं

बैलगाडी भरताना माल मागच्या बाजूला जास्त झाला की गाडी उलाळते, धुरा आभाळाकडे जातो. हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. कॅम्परचं गणित नेमकं हेच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढे गोळ्यावर यायला हवा. ३,००० किलोचा कॅम्पर असेल तर ३०० ते ४५० किलो.

भार त्याहून कमी झाला, म्हणजे सामान मागे साचलं, की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. ठरावीक वेगाच्या वर एकेक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी शेपटीच पिकअपला फिरवते. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक दाबला तर प्रकरण आणखी चिघळतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. त्यासाठी डॅशबोर्डवर एक छोटी कळ असते. मागचं घर जरा मागे खेचलं गेलं की दोघं पुन्हा एका रेषेत येतात.

गोळ्यावर भार जास्त झाला तर उलट दुखणं. पिकअपचं बूड खाली बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंगची पकड सुटते आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्यावर उपाय म्हणून लांब पोलादी पट्ट्यांचा एक खास जोड मिळतो. या पट्ट्या तरफेसारखं काम करतात आणि मागे साचलेला भार थोडा पिकअपच्या पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतात.

३. दगड गोळा करणारी नवरी

हा सगळा धडा हॉलिवूडने १९५४ मध्येच पडद्यावर दिला होता. सिनेमाचं नाव ‘द लाँग, लाँग ट्रेलर’, दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली, नायक-नायिका म्हणजे खऱ्या आयुष्यातलंही जोडपं, देसी अर्नाझ आणि ल्युसिल बॉल. नवं लग्न झालेली दोघं ३६ फुटी ट्रेलर घेऊन निघतात. बायकोला प्रत्येक मुक्कामाची आठवण म्हणून एक मोठा दगड हवा असतो. दगड ट्रेलरमध्ये साठत जातात आणि मग समोर डोंगरातला अरुंद रस्ता येतो. हसून हसून पुरेवाट होते, पण त्या हसण्याखालचं गणित अगदी खरं आहे. वजन एकदम वाढत नाही. ते एकेका दगडाने वाढतं.

४. दाराच्या चौकटीवरचा पिवळा कागद

आजच्या काळातले दगड कोणते? पाण्याची टाकी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे दीडशे लिटरची टाकी भरली की दोन माणसांचं वजन वाढलं. मग सायकली, जनरेटर, लाकूडफाटा, बर्फाची पेटी.

अमेरिकेत पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत एक कागद चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, तो आकडा त्यावर किलोत आणि पौंडांत छापलेला असतो. गोळ्यावर आलेला भारही याच आकड्यातून वजा होतो, आणि नवशिक्यांचं इथेच चुकतं. ‘ही गाडी चार टन ओढते’ एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. पण त्या चार टनांतले ४००-५०० किलो पिकअपच्या पाठीवर बसलेले असतात. त्यात घरातली पाच माणसं आणि मागे भरलेलं सामान आलं, की ओढायची ताकद शिल्लक राहते आणि पेलायची आधी संपते.

एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर हा आकडा वेगळा असू शकतो. काचेचं छप्पर, जाड सीटा, मोठी चाकं अशा प्रत्येक चैनीचं वजन कारखान्यातच वजा झालेलं असतं.

५. परीक्षेचा घाट: ३८ अंश, एसी फुल

‘किती ओढते’ हा आकडा पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवायची. नंतर वाहन अभियंत्यांच्या संघटनेने सगळ्यांसाठी एकच परीक्षा तयार केली. तिचं नाव जे-२८०७, आणि ती आपल्या पिकअपला पहिल्यांदा लावली टोयोटाने, २०११ च्या टुंड्रासाठी.

या परीक्षेतला सगळ्यात कडक पेपर ॲरिझोनात आहे. बुलहेड सिटीजवळच्या डेव्हिस धरणापासून वर चढत जाणारा साधारण १८ किलोमीटरचा रस्ता. पायथ्याशी तापमान निदान ३८ अंश सेल्सिअस हवं. एसी पूर्ण थंडीवर, पंखा पूर्ण वेगावर. मागे पूर्ण भाराचा ट्रेलर. आणि संपूर्ण चढावर साध्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये. खंडाळ्याच्या घाटात मे महिन्यात बॉनेट उघडून, रेडिएटर निवण्याची वाट बघत उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या पेपराची धग लगेच कळेल.

दुसरा पेपर १२ टक्के चढावरचा. पाच मिनिटांत पाच वेळा उभ्या जागेवरून भारासकट निघून दाखवायचं, पुढेही आणि मागेही.

या परीक्षेत हलक्या पिकअपमध्ये ड्रायव्हर आणि एकच प्रवासी धरलेला असतो, प्रत्येकी ६८ किलोचा. घरात आजी-आजोबा आणि तीन मुलं असतील, तर कागदावरचा आकडा आपण स्वतःच खाली आणायचा.

६. दोन साखळ्या, एक तार

गोळा निसटलाच तर? त्यासाठी ट्रेलरच्या जिभेखाली, म्हणजे पुढच्या दांड्याखाली, दोन साखळ्या असतात आणि त्या मुद्दाम एकमेकींवरून, फुलीसारख्या लावतात. जोड सुटला तर ट्रेलरचं टोक या फुलीच्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही.

साखळ्याही तुटल्या तर? मग एक बारीक तार. तिचं एक टोक पिकअपला, दुसरं ट्रेलरवरच्या एका खुंटीला. ट्रेलर दूर गेला की खुंटी निघते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर स्वतःचे ब्रेक करकचून लावतो. ब्रेकच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक असतो. वीज आली की तो फिरत्या ड्रमला चिकटायला बघतो, त्या ओढीने एक दांडी फिरते आणि ब्रेकचे बूट दाबले जातात. शाळेत खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून केलेला प्रयोग इथे पुरं घर थांबवतो.

७. मागे घ्यायचंय? हात खाली

ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग डावीकडे वळवलं की तो उजवीकडे जातो. भल्याभल्यांना घाम फुटतो. यावर एक पिढीजात युक्ती आहे: हात स्टेअरिंगच्या तळाशी धरायचा. मग हात ज्या बाजूला नेऊ, त्याच बाजूला ट्रेलर जातो. आखूड ट्रेलर लांबपेक्षा अवघड, कारण तो झटकन दुमडतो.

आपल्याकडच्या जत्रांत ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा रंगतात. ऊस वाहून हात बसलेला आपला ट्रॅक्टरवाला अमेरिकेतल्या कुठल्याही कॅम्पग्राउंडवर पहिल्या झटक्यात गाडी लावेल, याची मला खात्री आहे.

८. पाचवं चाक कुठे आहे?

मोठे कॅम्पर मागच्या गोळ्यावर बसत नाहीत. त्यांचा जोड पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर असतो. त्याला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, पण पाचवं चाक शोधून सापडणार नाही. शब्द घोडागाडीच्या काळातला आहे. चार चाकांच्या गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चाक बसवलेलं असे, तेच पाचवं. ते चाक गेलं, नाव राहिलं. भार थेट आसावर आल्यामुळे असे ट्रेलर शेपटी फार हलवत नाहीत.

या घराण्यात दोन नावं मानाची. पहिलं ऑगस्ट फ्रूहॉफ, डेट्रॉइटचा लोहार. १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याला आपली बोट फोर्ड मॉडेल-टीच्या मागे बांधून तळ्यावर न्यायची होती. फ्रूहॉफने त्याला दोन चाकांची गाडी करून दिली आणि तिला ‘सेमी ट्रेलर’ म्हटलं. आज जगभरचे अजस्र मालट्रक हेच नाव मिरवतात. दुसरं ग्लेन कर्टिस, विमानविद्येतला दिग्गज, अमेरिकेतल्या वैमानिक परवान्यांतला पहिला क्रमांक त्याचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने विमानाच्या हलक्या बांधणीचा ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर केला, तोही पाचव्या चाकाचा.

९. पिकअपचा जन्म: २८१ डॉलर

आधी शेतकरी मोटार विकत घ्यायचे आणि मागची सीट काढून स्वतःच हौदा ठोकायचे. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने कारखान्यातूनच हौदा लावलेली मॉडेल-टी बाजारात आणली. किंमत २८१ डॉलर. १९४८ मध्ये एफ मालिका आली, आणि १९७७ पासून ही मालिका अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे.

ऑस्ट्रेलियातली कथा आणखी गोड. १९३२ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं. मागणी साधी होती: रविवारी चर्चला नीटनेटकं बसून जाता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता येतील, अशी गाडी करा. ल्यू बँट या विशीतल्या डिझायनरने ती केली. १९३४ मध्ये ती बाजारात आली आणि ऑस्ट्रेलियाला तिची लाडकी ‘यूट’ मिळाली.

१०. कोंबडीवरून भांडण, पिकअपवर कर

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वस्त अमेरिकन कोंबडी युरोपच्या बाजारात घुसली. युरोपने तिच्यावर कर वाढवला. उत्तर म्हणून डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयात कर लावला. बाकीचे कर पुढे उठले. ट्रकवरचा राहिला, आणि ‘चिकन टॅक्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. बाहेरच्या पिकअपला दार जड झालं. अमेरिकेच्या रस्त्यांवर तिथेच बनवलेल्या पिकअपचं राज्य का, याच्या उत्तरात एक कोंबडीही आहे.

११. स्वयंपाकघर नसेल तर मी येणार नाही

वॉली बायम नावाच्या माणसाला कॅम्पिंगचं वेड होतं. त्याची पत्नी मॅरियन हिचं म्हणणं स्पष्ट होतं: स्वयंपाकघराशिवाय कॅम्पिंगला येणार नाही. त्या एका अटीतून बायमने मॉडेल-टीच्या सांगाड्यावर तंबू उभारण्यापासून सुरुवात केली आणि तो पोचला १९३१ साली सुरू झालेल्या एअरस्ट्रीम कंपनीपर्यंत.

एअरस्ट्रीमचं चंदेरी, गुळगुळीत, रिव्हेट ठोकलेलं अंग विमानासारखं दिसतं, कारण त्याचं मूळ विमानातच आहे. १९३४ मध्ये हॉली बाउलस याने ‘रोड चीफ’ नावाचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर केला होता. अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ हे विमान ज्याच्या देखरेखीखाली बांधलं गेलं, तोच हा बाउलस. त्याचा धंदा बसला, पण कल्पना बायमने उचलली आणि १९३६ मध्ये ‘क्लिपर’ रस्त्यावर आला. चौघांची झोपायची सोय, स्वतःचं पाणी, विजेचे दिवे. किंमत १,२०० डॉलर, आणि तेही महामंदीच्या दिवसांत.

१२. सायकलने ओढलेलं घर

आपला ट्रेलर किती हलका आहे हे लोकांना कसं पटवायचं? बायमने १९४७ मध्ये आल्फ्रेड लेतूर्नर या फ्रेंच सायकलपटूला बोलावलं आणि त्याच्या सायकलच्या मागे एअरस्ट्रीम बांधला. लेतूर्नरने तो ओढला. फोटो जगभर गाजला. हा गडी साधा नव्हता. १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात एका मोटारीच्या आडोशाने त्याने सायकल ताशी १७५ किलोमीटरच्या वेगाने पळवली होती.

सपाट रस्त्यावर, संथ वेगात, चांगल्या बेअरिंगवरचं घर एका माणसाच्या पायांनीही सरकतं. खरी परीक्षा चढाव, वारा आणि ब्रेक यांचीच.

१३. केपटाउन ते कैरो

१९५९ मध्ये बायम ४१ एअरस्ट्रीमचा ताफा घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उतरला आणि थेट कैरोकडे निघाला. जिथे रस्ता होता तिथे रस्त्याने, नव्हता तिथे चिखलातून. रुतलेला ट्रेलर काढायचा, पुढे पन्नास पावलं जायचं, पुन्हा काढायचा. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनीही या चंदेरी तांड्याची भेट घेतली. ओढण्याच्या गोष्टीत याहून मोठी शाळा झाली नसेल.

१४. चंद्रावरून थेट ट्रेलरमध्ये

२४ जुलै १९६९. अपोलो-११ समुद्रात उतरलं. आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना ‘हॉर्नेट’ या युद्धनौकेवर आणलं आणि लगेच एका बंद खोलीत ठेवलं. चंद्रावरचे जंतू बरोबर आले असतील तर, ही भीती. ती खोली म्हणजे चाकं नसलेला एअरस्ट्रीम. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला, म्हणजे हवा आत येईल पण बाहेर गळणार नाही, आणि बाहेर सोडायची हवा गाळून सोडायची. राष्ट्राध्यक्ष निक्सन खिडकीच्या काचेपलीकडून वाकून बोलले. चंद्रावरच्या पहिल्या स्वारीचं स्वागत झालं ते कॅम्परच्या खिडकीत.

अशा चार खोल्या केल्या होत्या. अपोलो-१२ ची पुढे अनेक वर्षं बेपत्ता होती. ती सापडली अलाबामातल्या एका मत्स्यबीज केंद्रावर.

१५. अंतराळयानाला जुंपलेली पिकअप

ऑक्टोबर २०१२. निवृत्त अंतराळयान ‘एंडेव्हर’ लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून संग्रहालयाकडे निघालं होतं. वाटेत फ्रीवेवरचा एक पूल आला. यान वाहणारी अवजड यंत्रं त्या पुलाला पेलणार नव्हती. म्हणून यान हलक्या ट्रॉलीवर घेतलं आणि तेवढा पूल ओलांडायला पुढे जुंपली एक टोयोटा टुंड्रा. यान आणि ट्रॉली मिळून सुमारे १ लाख ३२ हजार किलो. त्या पिकअपची अधिकृत क्षमता साधारण साडेचार हजार किलो.

२०१९ मध्ये फोर्डने आपल्या विजेवरच्या पिकअपच्या नमुन्याला मालगाडीचे दहा दुमजली डबे जोडले, आणि दुसऱ्या खेपेला त्या डब्यांत ४२ पिकअप भरून पुन्हा ओढले. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी अडतं, त्यामुळे हे जमलं. दोन्ही प्रसंगांत कमाल खरी आहे, आणि दोन्हींत रस्ता सपाट आहे, वेग पायी चालण्याएवढा आहे. तीच पिकअप तेवढंच वजन घेऊन घाट उतरायला लागली, तर जगातला कुठलाही ब्रेक पुरणार नाही.

१६. जाळ लावा, बर्फ होईल

कॅम्परमधला पारंपरिक फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतो. ज्योतीने अमोनियाचं पाणी तापतं, अमोनियाची वाफ सुटते, ती थंड होऊन द्रव होते आणि पुन्हा उडताना आतली उष्णता शोषून घेते. मोटार नाही, आवाज नाही. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये असा फ्रीज शोधला. ज्योतीसारख्या उष्णतेवर चालणाऱ्या फ्रीजचं अमेरिकन पेटंट १९३० मध्ये आणखी दोघांना मिळालं: लिओ झिलार्ड आणि अल्बर्ट आइन्स्टाइन!

हा फ्रीज वाकडा राहिला तर आतला प्रवाह अडतो आणि थंडावा थांबतो. म्हणून मुक्कामी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गवंड्यासारखी पाणसळ लावून घर समतल करणं. रस्त्यावर तोल, मुक्कामावरही तोल.

१७. ज्यांच्याकडे मोटार नाही, ते बांधतात कॅम्पर

अमेरिकेतले बहुतेक कॅम्पर इंडियाना राज्यात, एल्कहार्ट आणि त्याच्या आसपासच्या गावांत बनतात. तिथल्या कारखान्यांत आमिश समाजाचे हजारो कारागीर काम करतात. धर्मश्रद्धेमुळे हे लोक स्वतःची मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीने फिरतात. सुतारकामात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नाही. देशभर हायवेवरून धावणाऱ्या घरांतली कपाटं कितीदा तरी घोडागाडीवाल्या हातांनी ठोकलेली असतात.

१८. झाकण उघडणारा पूल

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी एक रेल्वे पूल होता, रस्त्यापासून उंची ११ फूट ८ इंच. सूचना, दिवे, पाट्या सगळं असूनही ट्रक आणि कॅम्पर त्याखाली घुसायचे आणि छतावरचा एसी किंवा अख्खं छप्परच पुलाला देऊन यायचे. लोकांनी त्याला डबे फोडणाऱ्या चावीचं नाव दिलं. २०१९ मध्ये पूल ८ इंच उचलला. धडका तरीही पूर्ण थांबल्या नाहीत. म्हणून शहाणा चालक आपल्या कॅम्परची उंची कागदावर लिहून स्टेअरिंगसमोर चिकटवतो.

१९. वाळवंटातला हाजी अली

ॲरिझोनातलं क्वार्टझसाइट हे इवलंसं गाव हिवाळ्यात कॅम्परवाल्यांनी फुलून जातं. थंडी टाळायला उत्तरेकडून माणसं घर ओढत येतात. गावातलं प्रसिद्ध स्मारक म्हणजे एक पिरॅमिड आणि त्याच्या टोकावर उंट. खाली चिरनिद्रा घेतोय हाजी अली. अमेरिकन जिभेवर त्याचा ‘हाय जॉली’ झाला. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटातली रसद उंटांवर लादून न्यायचा प्रयोग केला, तेव्हा उंटांबरोबर तो आला आणि तिथलाच झाला. १९०२ मध्ये त्याचं निधन झालं. लांबच्या वाटेवर भार वाहून नेणाऱ्यांच्या या गावाला याहून शोभणारा मूळपुरुष मिळाला नसता.

२०. झटपट चाखा

• ‘व्हॅन’ हा शब्द ‘कॅराव्हॅन’चं शेपूट आहे. मूळ शब्द फारसी ‘कारवाँ’.

• नळ-विजेविना रानात मुक्काम करण्याला अमेरिकेत ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. मुळात आहे टागालोग भाषेतला ‘बुंदोक’, म्हणजे डोंगर. फिलिपिन्सला गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी तो घरी नेला.

• १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे हौशी प्रवाशांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संघटना काढली. खूण काय? गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाग दिलेला पत्र्याचा डबा.

• लेखक जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश बघायला निघाले ते पिकअपवर छोटं घर बसवून. गाडीचं नाव रोसिनांते, डॉन किहोतेच्या घोड्याचं.

• कॅनडाच्या विनिपेगमध्ये १९६८ साली रे ओलेको याने फायबरग्लासचा अंड्यासारखा ‘बोलर’ ट्रेलर केला. त्याआधी त्याने फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती. कल्पना तिथूनच सुचली.

• कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. रस्ता कितीही मोकळा असो.

• ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांहून लांब वाहनाला प्रवेश नाही. ट्रेलर तळाशी सोडूनच वर जायचं.

• महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅम्पर ट्रेलरलाही जागा आहे. कोकणच्या अरुंद रस्त्यांवर ओढलेलं घर कसं चालेल, हे आपले चालकच ठरवतील.

निघण्याआधी एक फेरी

अनुभवी माणूस इंजिन चालू करण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारतो. गोळा आणि वाटी. खटक्याची पिन. साखळ्यांची फुली. बारीक तार. दिव्यांची वायर. टायरमधली हवा. चाकाखालचे गुटके काढले का, पायरी आत घेतली का, छतावरची खिडकी बंद आहे का. बरोबर कोणी असेल तर एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागून ओरडायचं, ‘लागला!’

पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत लोहार फ्रूहॉफची कारागिरी, बायमचा हट्ट, ॲरिझोनाच्या घाटातला घाम आणि आपल्या बैलगाडीवाल्याचं शहाणपण एकदम कामाला लागतं. फेरी संपते ती पुन्हा त्या लिंबाएवढ्या गोळ्यापाशी. त्याच्यावर एकदा हात ठेवायचा, मगच गाडीत बसायचं. मागे घर आहे, आणि घरातली माणसं शेजारी बसलेली आहेत.